गेजवरचं शून्य

माझे वडील ओझरच्या विमान कारखान्यात इंधनाच्या पंपांची चाचणी घेणाऱ्या विभागात होते. पंप टेबलावर चढवायचा, नळ्या जोडायच्या, दाब हळूहळू वाढवत न्यायचा आणि काचेमागचा काटा कुठे थांबतो ते बघायचं, नोकरीची बहुतेक सगळी वर्षं त्यांनी हेच केलं. घरी त्या कामाबद्दल फारसं बोलायचे नाहीत. पण हात स्वस्थ बसायचे नाहीत. कुकरची शिट्टी, बंबाचा नळ, शेजाऱ्यांच्या स्टोव्हचा पंप, काहीही त्यांच्या तावडीतून सुटायचं नाही.

नव्वदच्या दशकात आमच्याकडे पहिली गाडी आली. आधीच दोन घरं फिरून आलेली. मी तेव्हा कॉलेजात होते. ती गाडी उन्हाळ्यात तापली की वाटेतच बसायची, आणि मग पुढचा रविवार बाबांचा. नाशिकच्या भद्रकालीतल्या जुन्या सामानाच्या दुकानातून त्यांनी एक पितळी प्रेशर गेज आणलं होतं. पंपाकडून येणारी रबरी नळी काढून तिथे ते जोडायचं, आईने आत बसून स्टार्टर मारायचा आणि मी गेजमध्ये बघून आकडा ओरडून सांगायचा, अशी आमची वाटणी असायची. आईला गाडी चालवता येत नव्हती, स्टार्टर मात्र ती झकास मारायची. त्या गाडीचा पंप इंजिनाच्या कडेला बसवलेला, साधा. काटा जेमतेम हलायचा.

"हलला का?" बाबा विचारायचे.

"हलला."

"हलून तिथेच थांबला, की खाली आला?"

या प्रश्नाचं उत्तर मी नीट दिलं नाही तर ते पुन्हा सगळं करायला लावायचे. काम संपेपर्यंत घरात गॅस पेटवायचा नाही, उदबत्तीसुद्धा लावायची नाही, हा त्यांचा नियम होता. त्यामुळे रविवारचा चहा कधी दहाला, कधी बाराला. आई कुरकुरायची, पण पदर खोचून स्टार्टरला बसायची तीच.

बाबा निवृत्त झाले आणि आम्ही नाशकात पाथर्डी फाट्याजवळ एका रो-हाउसमध्ये राहायला आलो. माझं लग्न होऊन मी नाशिक रोडला गेले, तिथल्याच शाळेत शिकवू लागले. दोन हजार सालानंतर जुनी गाडी मोडीत गेली आणि बाबांनी तिच्या जागी दुसरी घेतली. हीसुद्धा वापरलेलीच, पण नव्या पद्धतीची. कार्ब्युरेटर नाही, पंप विजेवर चालणारा आणि तोही पेट्रोलच्या टाकीच्या आत. किल्ली फिरवली की मागच्या सीटखालून क्षणभर 'घूंऽऽ' असा आवाज यायचा. बाबांना तो आवाज फार आवडायचा. घरी आलेल्या पाहुण्यांना ते तो मुद्दाम ऐकवायचे.

या गाडीत दाब खूप. "तीन किलो!" बाबा सांगायचे. "नळी अशीच सोडलीस तर पेट्रोल डोळ्यात जाईल." म्हणून चाचणीच्या आधी एक काम करावं लागायचं. स्टिअरिंगच्या खाली, उजव्या गुडघ्याजवळ, फ्यूजची छोटी पेटी होती. तिच्यातून पंपाचा फ्यूज काढायचा, मग इंजिन सुरू करायचं. पंप बंद असल्यामुळे नळीतलं उरलेलं पेट्रोल जळून जायचं आणि इंजिन दोन आचके देऊन आपोआप थांबायचं. मग नळी सोडवायची, गेज जोडायचं, फ्यूज परत लावायचा आणि किल्ली फिरवून आकडा बघायचा.

काढलेला फ्यूज बाबा आईच्या हातात द्यायचे. करंगळीच्या नखाएवढी निळी प्लास्टिकची चकती, खाली दोन पाती. "मुठीत ठेव," म्हणायचे. "खाली ठेवलास तर सापडायचा नाही." आई बंद मूठ घेऊन पोर्चच्या पायरीवर बसून राहायची. दरवर्षी एकदा तरी ही चाचणी व्हायची, गाडी चांगली चालत असली तरी. बिघडायच्या आधी कळलं पाहिजे, एवढंच त्यांचं कारण.

मग एका वर्षी डिसेंबरात बाबांचा फोन आला. "गाडी सुरू होत नाहीये. पंप गेला बहुतेक. गेज लावायचंय, रविवारी ये."

मी गेले. नाशकातली थंडी त्या वर्षी जबर होती, पोर्चमधली फरशी पायाला चटका देत होती. बॉनेट उघडं होतं आणि बाबा स्वेटरवर जुना खाकी शर्ट घालून वाकले होते. त्यांनी मला गेजसमोर उभं केलं, स्वतः आत बसले आणि किल्ली फिरवली.

"बोल!"

"शून्य."

"नीट बघ."

"बाबा, शून्यच आहे. आणि मागून आवाजही येत नाहीये. पंप फिरतच नाहीये."

"तू आकडा सांग. आवाजाचं नंतर बघू."

पुन्हा किल्ली, पुन्हा शून्य. त्यांनी नळीची पट्टी सोडवून पुन्हा आवळली, गेज उलटं करून आपटलं, फुंकलं, पुन्हा जोडलं. मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, पण काय ते लक्षात येईना. ते लक्षात आलं परत जाताना, शहर बसमध्ये. त्यांनी आधी फ्यूज काढलाच नव्हता. गाडी बंद असली तरी नळी सोडायच्या आधी तिथे हात गेलाच पाहिजे, असं मला पढवणारे तेच होते. मी मनाची समजूत घातली, की मी पोचायच्या आधी त्यांनी ते केलं असेल.

पुढच्या रविवारी गेले तर बॉनेट उघडंच. "बरं झालं आलीस," बाबा म्हणाले. "गाडी सुरू होत नाहीये. पंप गेला बहुतेक. गेज लावून बघू या."

मी आईकडे बघितलं. ती दारात उभी होती. तिने मान किंचित हलवली, काही बोलू नकोस अशी.

आम्ही सगळं पुन्हा केलं. किल्ली, शून्य, पट्टी सोडवणं, पट्टी आवळणं. बाबांच्या आवाजात मागच्या आठवड्याइतकीच उत्सुकता होती. दरवेळी शून्य ऐकल्यावर ते तितकेच चकित व्हायचे.

जेवण झाल्यावर ते आत जाऊन आडवे झाले. मी म्हटलं, "आई, फाट्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलावते. टाकी उतरवून पंप बघेल."

"नको," आई म्हणाली.

"का नको?"

"मी सांगते म्हणून नको."

आई असं कधी बोलायची नाही. मी बाहेर आले. गाडीचं दार आवाज न करता उघडलं, वाकून फ्यूजच्या पेटीचं झाकण काढलं. आतल्या सगळ्या जागा भरलेल्या होत्या. पंपाची तेवढी रिकामी होती.

स्वयंपाकघरात आई मेथी निवडत बसली होती. तिने वर न बघताच विचारलं, "सापडली का जागा?"

"कुणी काढला?"

"मी."

ती पानं खुडत राहिली. काही वेळाने तिने सांगायला सुरुवात केली, आणि मग ती बराच वेळ थांबली नाही.

श्रावणात एकदा बाबांनी एकट्यानेच बॉनेट उघडलं होतं. दाब न सोडताच नळी सोडवली आणि पेट्रोल तोंडावर उडालं. आईने त्यांना नळाखाली बसवून डोळे धुतले. डोळे वाचले. पण "फ्यूज काढला नव्हतात का?" असं तिने विचारलं, तेव्हा त्यांनी तिला विचारलं, "कोणता फ्यूज?" तिला वाटलं, घाबरल्यामुळे सुचत नसेल.

मग दिवाळीच्या आधी ते चिवड्याचं सामान आणायला म्हणून गाडी घेऊन गेले आणि दुपार सरली तरी आले नाहीत. संध्याकाळी घरच्या फोनवर एका अनोळखी माणसाचा आवाज आला. घोटीहून बोलत होता, महामार्गावरचा चहावाला. "मावशी, तुमचं मालक हितं बसल्यात. खिशातल्या कार्डावर हा नंबर घावला. लय वेळ झाला, उठा म्हनलं तर उठत नाय. ड्युटीला चाललोय म्हनत्यात." आई शेजारच्यांना घेऊन गेली. ओझर नाशिकच्या एका अंगाला, घोटी दुसऱ्या. बाबा बाकावर बसून होते, समोरचा चहा गार झालेला. आईला बघून म्हणाले, "कारखान्याची कमान दिसेना गं मला."

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"त्यांनी सांगू नको म्हटलं होतं. आणि मलाही वाटलं, एकदा होतं माणसाला."

पण ते एकदाच झालं नाही. नोव्हेंबरात ती त्यांच्याबरोबर गाडीत होती. द्वारका चौकात त्यांनी गाडी समोरून येणाऱ्या रांगेत घातली. एका ट्रकवाल्याने कसाबसा ब्रेक दाबला. ट्रकचा पुढचा भाग आईच्या काचेला टेकायचा तेवढा राहिला होता. चालक खाली उतरून अद्वातद्वा बोलला, आणि बाबा त्याच्याकडे बघून हसत राहिले, एखाद्या ओळखीच्या माणसाकडे बघून हसावं तसे.

"त्या दिवशी घरी आल्यावर काढला," आई म्हणाली. "ते अंघोळीला गेले होते."

"अगं, किल्ली लपवायची होतीस."

"किल्ली लपवली तर मी लपवली असं होतं. घर उलथंपालथं करतील, माझ्यावर चिडतील. आणि मी काय म्हणू? तुम्ही आता चालवू नका? मी म्हणू त्यांना?" तिने मेथीची जुडी बाजूला सारली. "गाडी बिघडली तर बिघडली. त्यात कुणाचा अपमान नाही. दुरुस्त करण्यात दिवस जातो त्यांचा. मी पहाटेच स्वयंपाक उरकून गॅस बंद करते. मग दिवसभर करू देत काय करायचं ते."

"आणि त्यांनी पेटी उघडली तर?"

"ते आता तिथे जातच नाहीत," आई म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावला.

त्यानंतर आम्ही बाबांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी त्यांना घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. ज्या माणसाने आयुष्यभर गोल तबकडीवरचे काटे वाचले, त्याने सगळे आकडे एकाच बाजूला दाटीने लिहिले आणि पेन खाली ठेवलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं. गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी बरं होणार नाही, फक्त उतरण थोडी सावकाश होईल, असंही स्पष्ट सांगितलं. गाडीचं मी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "अजिबात नको." आईने ते आधीच केलेलं होतं.

जानेवारीत मी शाळेतून रजा घेऊन थोडे दिवस आईकडे राहिले. रोज सकाळी उन्हं पोर्चमध्ये आली की बाबा बॉनेट उघडायचे. आई पायरीवर बसायची, मी गेजसमोर. काही दिवस ते मला माझ्या नावाने हाक मारायचे, काही दिवस नुसतं "अहो, जरा आकडा सांगा" म्हणायचे. मी शून्य सांगायचे. एकदा मला इतका कंटाळा आला, इतका राग आला, की मनात आलं, तीन म्हणून टाकावं. तीन किलो, सगळं ठीक आहे, बंद करा आता. पण आई माझ्याकडे बघत होती, आणि बाबा किल्लीवर हात ठेवून वाट बघत होते. मी शून्यच म्हटलं.

मग एक सकाळ अशी आली की बाबा नळीला हात लावता लावता थांबले. पक्कड त्यांच्या हातातच राहिली.

"थांब," ते म्हणाले. "आधी प्रेशर सोडलं पाहिजे. असं कसं विसरलो मी?"

त्यांचा आवाज वेगळा होता. खूप दिवसांनी तो जुना, कामावरचा आवाज मी ऐकला. ते झपाझप चालत गाडीच्या दारापाशी गेले, गुडघा टेकवून खाली बसले आणि त्यांनी पेटीचं झाकण काढलं. मी पुढे व्हायला निघाले, पण आईने हाताने मला थांबवलं.

बाबांचं बोट फ्यूजच्या रांगेवरून फिरत गेलं आणि रिकाम्या जागेवर थांबलं. ते बोट तिथेच ठेवून ते बसून राहिले. शेजारच्या घरात कुणीतरी बादलीत पाणी सोडलं होतं, तेवढाच आवाज. मग त्यांनी मान वळवून आईकडे बघितलं.

आई पायरीवरच होती. हात मांडीवर, मुठी उघड्या. तिने नजर चुकवली नाही. मला वाटलं, आता ते ओरडतील. निदान विचारतील तरी.

त्यांनी झाकण उचललं, जागेवर बसवलं आणि अंगठ्याने दाबलं. हाताचा आधार घेत उठले. गेज सोडवलं, फडक्याने पुसलं, नळी पुन्हा जोडून पट्टी आवळली, बॉनेट खाली घेतलं. हे सगळं त्यांनी इतकं बिनचूक केलं की मी बघतच राहिले.

"पंप गेलाय," ते म्हणाले. आईलाच म्हणाले. "टाकी उतरवावी लागेल. या वयात कुठे आता ते. राहू दे."

"बरं," आई म्हणाली.

"चहा टाक."

आई आत गेली. गॅस पेटल्याचा आवाज आला, मग तिच्या हुंदक्याचा. बाबा पायरीवर तिच्याच जागी बसले, आणि मी त्यांच्याशेजारी बसले. मला विचारायचं होतं की बाबा, तुम्हाला कळलं का. पण त्यांनी माझा हात हातात घेतला होता आणि बोटांवरचा ग्रीसचा डाग आपल्या शर्टाच्या टोकाने पुसत होते. लहानपणी पुसायचे तसे, थुंकी लावून. मी विचारलं नाही.

त्या दिवसानंतर त्यांनी गेज कधी मागितलं नाही. गाडीकडे बघायचे, तिच्यावरची धूळ झटकायचे, कधी दार उघडून मागच्या सीटवर जाऊन बसायचे. पुढे मात्र नाही. त्यांना त्या सकाळचं आठवत होतं, की शरीरालाच काही समजलं होतं, ते आम्हाला कळलं नाही. डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी खांदे उडवले.

उन्हाळ्यात गाडी विकली. सिन्नरचे एक गृहस्थ घेऊन गेले. बाबांना मी त्या दिवशी नाशिक रोडला आमच्याकडे आणून ठेवलं होतं. संध्याकाळी परत नेलं, तेव्हा ते रिकाम्या पोर्चमध्ये थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "इथे जागा बरीच आहे की."

त्यानंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. त्यांच्या आठवणीतून आधी आम्ही गेलो, मग घर गेलं, मग घास गिळायचं गेलं. आईला ते शेवटी शेवटी 'ताई' म्हणायचे. आई ओ द्यायची. एका पावसाळ्यात न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि ते गेले. हॉस्पिटलातून त्यांना आणलं तेव्हा आई रडली नाही. तिने त्यांची नखं कापलेली आहेत ना, एवढं बघून घेतलं.

आता आई माझ्याकडे असते. मध्यंतरी दुपारी आम्ही दोघी भाजी घेऊन येत होतो, तेव्हा वाटेतच थांबून तिने मला विचारलं, "मी फसवलं का गं त्यांना?"

"नाही गं आई."

"नाही कसं? रोज उठून ते खटपट करायचे, आणि मला माहीत होतं की काही उपयोग नाही. मी बसून बघायचे."

माणसं आम्हाला वळसा घालून जात होती. पिशवीतून कोथिंबीर बाहेर आली होती, ती तिने आत खोचली.

"पण त्यांनी बघितलं ना माझ्याकडे, त्या सकाळी," ती म्हणाली, "तेव्हा ते ओळखत होते मला. मी कोण, मी काय केलं, का केलं, सगळं. लग्नापासून इतकं कधी बघितलं नव्हतं त्यांनी. त्यानंतर पुन्हा नाही." ती चालू लागली. मग म्हणाली, "ओरडले असते तर बरं झालं असतं."

मी तिच्या हातातली पिशवी घ्यायला गेले, तर तिने दिली नाही. आम्ही तशाच घरी आलो.